पेपरात आलंय, पण पेपरात कुठं?

आमचे बाबा छत्तीस वर्षं म्हापशाला बसस्टँडजवळ पेपर विकत होते. पहाटे पणजीहून गठ्ठे यायचे. सुतळी कापायची, अंक मोजायचे, पुरवण्या आत घालायच्या आणि पहिली बस सुटायच्या आधी मराठी डावीकडे, इंग्रजी उजवीकडे असं सगळं मांडून मोकळं व्हायचं. मुंबईचे पेपर एक दिवस शिळे होऊन यायचे, तरी त्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं असायचं. शाळेला सुट्टी असली की पुरवण्या घालायचं काम माझ्याकडे. 'सप्लिमेंट' हा शब्द मी पुस्तकात वाचायच्या आधी हातांनी शिकले. डाव्या हातानं मुख्य अंक उघडायचा, उजव्या हातानं पुरवणी सरकवायची, मग सगळा ढीग टेबलावर ठोकून कडा सारख्या करायच्या. संध्याकाळी उरलेले अंक वेगळे बांधायचे, ते 'रिटर्न'. 'कॉपी' म्हणजे एक प्रत, हेही तिथंच कळलं. शाळेत मात्र 'कॉपी' म्हटलं की परीक्षेतली चिठ्ठी एवढंच सगळ्यांना ठाऊक.

आता मी फोंड्याला असते आणि हायस्कुलात इंग्रजी शिकवते. रविवारी सकाळी आमच्या सोप्यावर आठ-दहा मुलं येतात. त्यातली बरीचशी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती. पाचवीला एका उन्हाळ्यात सगळे विषय इंग्रजीत होतात, तो धक्का काहींना नववीपर्यंत पुरतो. गेल्या महिन्यात नववीतली एक मुलगी तोंडी परीक्षेच्या तयारीचा कागद घेऊन आली. विषय: वर्तमानपत्रं आणि मासिकं. कागदावर चाळीस शब्द, समोर अर्थ. हेडलाइन, एडिटोरियल, कॉलम, सर्क्युलेशन, बायलाइन. तिला सगळे पाठ होते. मी विचारलं, "तुझ्या घरी पेपर येतो, त्यात एडिटोरियल कुठल्या पानावर असतं?" ती गप्प. घरी रोज मराठी पेपर येतो, आजी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि नातीनं तो कधी उघडलेला नाही.

मी तो कागद बाजूला ठेवला आणि सोप्यावर दोन पेपर पसरले, एक मराठी, एक इंग्रजी. त्यानंतरचे चार रविवार आम्ही त्यांच्याभोवती जमिनीवर बसून आहोत.

पहिली अडचण चाळिसातल्या एकाही शब्दाची नव्हती, ती 'इन' आणि 'ऑन'ची निघाली. मुलं सरळ 'ऑन द न्यूजपेपर' म्हणतात. मी कितीतरी वर्षं ते नुसतं दुरुस्त करत आले. या वेळी कारण लक्षात आलं. घरी आम्ही कोकणी बोलतो आणि कोकणीत म्हणतो, "पेपरार आयलां". म्हणजे पेपरावर. मराठीत म्हणतो, "पेपरात आलंय". इंग्रजी इथं मराठीच्या बाजूला आहे: बातमी 'इन द पेपर' असते. पण पान आलं की 'ऑन': 'ऑन द फ्रंट पेज', 'ऑन पेज फाइव्ह'. आपणही पान पाचवर असंच म्हणतो की! मी मुलांना म्हटलं, पेपर म्हणजे घर, पान म्हणजे भिंत. घरात असायचं, भिंतीवर लावायचं. एकाच्याही तोंडून परत 'ऑन द न्यूजपेपर' आलं नाही.

दुसरी अडचण 'न्यूज'ची. आपली बातमी एक असते, दोन असतात, 'आज तीन बातम्या वाचल्या' असं आपण म्हणतो. इंग्रजीत 'न्यूज' मोजता येत नाही. शेवटी 'एस' दिसत असला तरी शब्द एकवचनीच चालतो: 'द न्यूज इज गुड'. एक सांगायची असेल तर 'अ पीस ऑफ न्यूज' किंवा 'अ न्यूज आयटम', आणि पत्रकार मंडळी सरसकट 'स्टोरी' म्हणतात. या 'स्टोरी'वर एक मुलगा अडून बसला. "टीचर, स्टोरी म्हणजे गोष्ट. मग ती खोटी नाही का?" प्रश्न रास्त होता. पत्रकारितेत स्टोरी म्हणजे बातमी, तिच्यात कल्पना चालत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर समाधान काही दिसलं नाही, आणि मला ते आवडलं.

मथळ्यांवर आम्ही पूर्ण एक सकाळ घालवली, कारण इंग्रजी मथळ्याला स्वतःचं वेगळं व्याकरण असतं आणि ते शाळेच्या पुस्तकात कुणी सांगत नाही. काल घडलेलं वर्तमानकाळात लिहितात. उद्या घडणारं नुसत्या 'टु'नं सांगतात: 'मिनिस्टर टु ओपन ब्रिज'. 'अ', 'द', 'इज', 'आर' गाळून टाकतात. 'टू हेल्ड फॉर थेफ्ट' वाचून मुलं विचारतात, दोघांनी काय धरलं? धरलं काही नाही, त्यांनाच पोलिसांनी धरलं. मधला 'आर' जागेअभावी गेला. मथळ्यात जागा कमी, म्हणून शब्दही आखूड लागतात. चौकशी म्हणजे 'प्रोब', मंजुरी म्हणजे 'नॉड', सरकार विचार करतंय तर 'मल्स', पकडलं तर 'नॅब'. आणि 'आर-ओ-डब्ल्यू' हा शब्द रांगेसाठी 'रो' असला, तरी भांडणासाठी त्याचा उच्चार 'राव' होतो. मथळ्यात तो जवळपास नेहमी 'राव'च असतो. हे शब्द बोलण्यात वापरायचे नाहीत, हेही सांगावं लागतं. घरी येऊन कुणी 'आई मल्स फिश करी' असं म्हणत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले, ते.

आमच्याकडे कुठलीही गोष्ट खरी ठरवायची असेल तर एक वाक्य पुरतं: पेपरात आलंय. बाबांसाठी तर तो शेवटचा शब्द होता. ज्या वस्तूवर घर चाललं, मुलींची शिक्षणं झाली, तिच्यावर माणूस अविश्वास कसा दाखवेल? म्हातारपणी त्यांचे गुडघे धरले होते. एके दिवशी एका इंग्रजी पेपराच्या पुरवणीत त्यांना अर्धं पान दिसलं. वर मथळा, खाली पांढऱ्या कोटातल्या माणसाचा फोटो, तीन कॉलम मजकूर, बरे झालेल्या रुग्णांची मनोगतं. मी तेव्हा नुकती बी.एड. होऊन शाळेत लागले होते. त्यांनी मला ते वाचून अर्थ सांगायला लावला आणि मी शब्दन् शब्द सांगितला. पानाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक टायपात एक शब्द होता, 'अ‍ॅडव्हर्टोरियल'. तो मी पाहिला. मला तो माहीत नव्हता. एडिटोरियलसारखं काहीतरी असेल असं समजून मी पुढं गेले.

बाबांनी मनीऑर्डर केली. दोन वेळा मिळून चार हजार दोनशे रुपये. तेलाच्या बाटल्या आल्या, गुडघे होते तसेच राहिले. पुढं कधीतरी शब्दकोशात तो शब्द सापडला. 'अ‍ॅडव्हर्टाइजमेंट' आणि 'एडिटोरियल' यांची मोट बांधून केलेला शब्द: बातमीच्या वेशातली, पैसे देऊन छापलेली जाहिरात. बाबांना मी ते सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पण पेपरात आलं होतं गो."

म्हणून आता मुलांना मी सगळ्यात आधी एक प्रश्न विचारायला शिकवते. पेपरात आलंय, पण पेपरात कुठं? आणि त्या 'कुठं'साठी शब्द हवेत, ते आले नाहीत तर प्रश्नच विचारता येत नाही. पहिल्या पानावर बातमीच्या वर माणसाचं नाव असेल तर ती 'बायलाइन', म्हणजे त्या मजकुराची जबाबदारी घेणारा माणूस आहे. आपल्याकडे नुसतं 'प्रतिनिधी' असतं, त्याला इंग्रजी पेपर 'स्टाफ रिपोर्टर' म्हणतो. 'खास प्रतिनिधी' तो 'स्पेशल करस्पाँडंट'. गावोगावचा वार्ताहर, जो पगारावर नसतो आणि बातमीमागे पैसे घेतो, तो 'स्ट्रिंगर'. सुरुवातीला गाव येतं, 'पणजी:', ती 'डेटलाइन'. नावात 'डेट' असली तरी तिच्यात मुख्य असतं ते ठिकाण. बातमी आतून कुणी सांगितली तो 'सोर्स'. पोलिसांनी म्हटलंय पण कोर्टात सिद्ध झालेलं नाही, तिथं 'अलेज्ड'. हा शब्द मी मुलांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेते. मराठी पेपर 'कथित' लिहितो, आणि आपण तो वाचता वाचता गिळतो. इंग्रजी वाचतानाही मुलं 'अलेज्डली' गिळून 'ही स्टोल' असं सांगून मोकळी होतात. एका शब्दानं माणूस चोर होतो.

मग मधलं पान. अग्रलेख म्हणजे 'एडिटोरियल', ब्रिटिश लोक त्यालाच 'लीडर' म्हणतात. त्यावर नाव नसतं, कारण ते पेपराचं मत असतं. शेजारच्या पानावरचे लेख नावानिशी असतात, ते त्या त्या माणसाचं मत. त्याला 'ऑप-एड' म्हणतात. पुष्कळांना वाटतं 'ऑप' म्हणजे 'ओपिनियन'. तसं नाही, 'ऑपोझिट द एडिटोरियल पेज', अग्रलेखाच्या समोरचं पान. खाली 'लेटर्स टु द एडिटर', वाचकांची पत्रं. आणि 'एडिटर' बोलतो तेव्हा 'एडिटोरियल', पैसे देणारा बोलतो तेव्हा 'अ‍ॅडव्हर्टोरियल'. हे दोन शब्द मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि बाबांची हकिगत सांगितली. सोप्यावर कुणी हललं नाही.

शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असते, कुणी छापलं, कुणी प्रसिद्ध केलं, संपादक कोण. इंग्रजीत ती 'इम्प्रिंट लाइन'. ती शोभेची नाही. १८६७ च्या कायद्यानं ती सक्तीची केली होती आणि त्या कायद्याच्या जागी २०२३ साली नवा कायदा आला. पेपराविरुद्ध तक्रार करायची तर माणूस कोण, हे त्या ओळीत असतं. दहापैकी एकाही मुलानं ती ओळ कधी पाहिली नव्हती. खरं सांगायचं तर शाळेतल्या सहकाऱ्यांतही फार कुणी पाहिली नसावी.

गोव्याच्या इंग्रजी पेपरांत निधनाच्या जाहिराती पानभर असतात, आणि त्यांचं इंग्रजी वेगळंच आहे. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे पेपर उघडला की आधी तेच पान निघतं. 'फ्युनरल कॉर्टेझ' इतक्या वाजता घरून निघेल, म्हणजे अंत्ययात्रा. महिना झाला की 'मंथ्स माइंड' मास, म्हणजे गेलेल्या माणसासाठी चर्चमधली प्रार्थना. हा फार जुना इंग्रजी शब्दप्रयोग आहे, इथल्या पेपरांनी तो रोजच्या वापरात ठेवलाय. आपल्या मराठी पेपरात 'दुःखद निधन' आणि 'प्रथम पुण्यस्मरण'. इथंही तोच प्रश्न: कुणी लिहिलं? घरच्यांनी पैसे भरून दिली ती 'डेथ नोटिस'. पेपरानं स्वतः गेलेल्या माणसाच्या आयुष्यावर लिहिलं ती खरी 'ऑबिच्युअरी'. आमच्याकडे पैसे भरलेल्या चौकटीवरही 'ऑबिच्युअरी' छापतात, म्हणून हा फरक पुसट झालाय. बाबा गेले तेव्हा मी मराठीत चौकट दिली, दोन कॉलम रुंद. इतकी वर्षं त्यांनी लोकांच्या चौकटी विकल्या होत्या.

आमच्या वाड्यावर एक आजोबा आहेत. वय नव्वदीच्या घरात, पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाच्या हायस्कुलात शिकलेले. मुलं पेपर घेऊन जाताना दिसली की विचारतात, "जोर्नाल वाचता?" मुलांना वाटायचं आजोबा चुकतात, कारण शाळेत जर्नल म्हणजे प्रयोगाची वही. आजोबा चुकत नाहीत. पोर्तुगीजमध्ये 'जोर्नाल' म्हणजे रोजचा पेपर, आणि मासिक म्हणजे 'रेव्हिश्ता'. शब्दाच्या मुळाशी दिवस आहे, जसा आपल्या 'दैनिका'त आणि कोकणीतल्या 'दिसाळ्या'त. इंग्रजीत मात्र 'जर्नल' बहुतेक विद्वानांच्या नियतकालिकाला उरलाय. आजोबांनी 'ओ हेराल्दो' पोर्तुगीजमध्ये वाचलाय. १९०० साली सुरू झालेला हा पेपर १९८३ पर्यंत पोर्तुगीज होता, मग इंग्रजी झाला. भाषा बदलल्यावरही आजोबांनी तो बंद केला नाही. "इंग्लिश पेपरानंच शिकलों," म्हणतात.

त्यांच्याच ओसरीवर एकदा 'गॅझेट'चा विषय निघाला. मुलांना तो शब्द फक्त 'गॅझेटेड ऑफिसर'च्या सहीमुळे माहीत. मी सांगितलं की 'गाझेता' हे व्हेनिसमधलं एक हलकं नाणं, तिथल्या बातमीपत्राची किंमत तेवढी असायची, म्हणून कागदालाही तेच नाव पडलं असं सांगतात. आणि आपल्या गोव्यात 'गाझेता द गोवा' १८२१ साली निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं १८३२ च्या जानेवारीत, म्हणजे 'गाझेता' त्याच्याही आधीचं. छापखाना तर इथं १५५६ लाच उतरला होता, निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, आणि राहिला गोव्यात. 'दर्पण'चं मी मुलांना आणखी एक सांगितलं, कारण ते आमच्या सोप्यावरच्या वर्गासारखंच होतं: एका कॉलमात मराठी, शेजारच्या कॉलमात इंग्रजी. दोन भाषा समोरासमोर ठेवून वाचायची युक्ती आपल्याकडे पहिल्या मराठी पेपराइतकी जुनी आहे.

'मॅगझिन' हा शब्द मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. मूळ अरबी, अर्थ कोठार. बंदुकीचं मॅगझिन म्हणजे गोळ्यांचं कोठार. १७३१ साली लंडनमध्ये एका मासिकानं तो आपल्या नावात घेतला, निरनिराळ्या मजकुराचं कोठार म्हणून. पोर्तुगीजांनी तोच अरबी शब्द उचलून 'अर्माझें' केला, म्हणजे गोदाम. हे ऐकून आजोबा इतके खूश झाले की मुलांना आत नेऊन त्यांनी जुन्या 'रेव्हिश्तां'ची पेटी उघडून दाखवली. वाळवीनं बरंच खाल्लं होतं.

'टॅब्लॉइड'चं मूळ औषधाच्या दुकानात आहे. १८८४ साली लंडनच्या एका औषध कंपनीनं दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ते नाव नोंदवलं. मग दाबून छोटं केलेलं काहीही टॅब्लॉइड झालं, बातमीसुद्धा, आणि शेवटी अर्ध्या आकाराचा पेपर. मोठा तो 'ब्रॉडशीट'.

नियतकालिकांच्या बाबतीत मराठी मुलांना काही जड जात नाही, कारण आपले शब्द जास्त नेटके आहेत. पाक्षिक म्हणजे पाक्षिक. इंग्रजीत 'बायवीकली' म्हटलं तर आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे इंग्रज माणूसही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून मी 'फोर्टनाइटली' शिकवते, चौदा रात्रींचा हिशोब त्यातच आहे. दिवाळी अंकाला मात्र इंग्रजीत शब्द नाही. 'स्पेशल इश्यू' म्हणा, 'अ‍ॅन्युअल' म्हणा, १९०९ च्या 'मनोरंजन' मासिकापासून चालत आलेली ती गोष्ट त्यात मावत नाही. मुलांना सांगितलंय, 'दिवाळी अंक' असंच म्हणा आणि मग दोन वाक्यांत समजावून सांगा. तोंडी परीक्षेत याहून चांगलं उत्तर मिळणार नाही.

त्या नववीतल्या मुलीची परीक्षा झाली, बरी गेली. पण तिनं त्याहून मोठं काम केलं. तिच्या गावची सकाळची बस महिनाभर वेळेवर येत नव्हती. तिनं इंग्रजीत संपादकांना पत्र लिहिलं, चौदा ओळी, मी फक्त दोन क्रियापदं सुधारली. गेल्या गुरुवारी ते छापून आलं. रविवारी ती पेपर घेऊन धावतच सोप्यावर आली. "टीचर, इन द पेपर! ऑन पेज सिक्स!" सगळ्यांनी वाचलं, आजोबांनी भिंग लावून वाचलं. मग तिनं आपली वही काढून ओळी जुळवल्या आणि तिचा चेहरा बदलला. छापलेल्या ओळी नऊच होत्या, वरचा मथळाही तिचा नव्हता.

"माझ्या पाच ओळी कुणी काढल्या?"

त्या माणसालाही शब्द आहे: 'सब-एडिटर', आपला उपसंपादक. मथळा तोच देतो, जागेत बसवायला मजकूर तोच कापतो. आणि पत्रांच्या पानावर पुष्कळदा बारीक टायपात छापलेलं असतं की पत्रं लांबीसाठी संपादित केली जातील. तिनं ते शोधलं, सापडलं, वाचलं. मग कापलेल्या पाच ओळींवर पेन्सिलीनं खुणा केल्या. बसची वेळ आणि थांब्याचं नाव त्याच ओळींत होतं.

"मग हे पहिल्या दोन ओळींत यायला हवं होतं," असं म्हणून ती तिथंच पालथी पडून दुसरं पत्र लिहायला लागली.